रायफलीच्या काडतुसातली अर्धी दारू काढून सराव करता येईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: आजोबांची .३१५ बोअरची (नळीच्या भोकाचं माप, इंचात) रायफल वारसाने तुमच्या परवान्यावर आली आहे. काडतूस महाग, धक्क्याने खांदा शेकून निघतो, आणि गावातल्या कुणीतरी सांगितलंय की गोळी उपसायची, निम्मी दारू काढायची, गोळी परत बसवायची, की सरावाचं हलकं काडतूस तयार. तसं करावं का?

नका करू. बरीच वर्षं कॉलेजच्या पोरांना एनसीसीत नेमबाजी शिकवली आणि शेती गेवराई तालुक्यात आहे, त्यामुळे ही सूचना कुठून आली असेल ते लगेच कळलं. ती ठासणीच्या बंदुकीतून आली आहे. आमच्याकडं भुईमुगात रानडुकरं शिरायला लागली की जुनी माणसं रात्री माळ्यावर ठासणी घेऊन बसायची. नुसता आवाज काढायचा असला तर दारू चिमूटभर कमी, आणि काही बिघडायचं नाही. बिघडायचं नाही, कारण दारू कमी असो की जास्त, वरून गज मारून ती तळाशी घट्ट ठासलेली असते. मध्ये पोकळी राहत नाही. शिवाय ती काळी दारू, काडतुसातली आधुनिक बिनधुराची नव्हे.

काडतुसाचं तसं नाही. पितळी खोळीचा आकार ठरलेला. निम्मी दारू काढली की आत निम्मी जागा मोकळी, आणि उरलेली दारू त्यात वाळूसारखी इकडून तिकडे सरकते. नळी वर करून मग नेम धरला तर दारू मागे, कॅपजवळ, म्हणजे ठिणगी पडते तिथे. नळी खाली करून धरला तर पुढे, गोळीजवळ. पेट दरवेळी वेगळा, गोळीचा वेग दरवेळी वेगळा. एकाच हाताने, एकाच नेमाने मारलेल्या पाच गोळ्या पाच ठिकाणी लागतील आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसाल. आधुनिक बिनधुराची दारू फार कमी भरली तर कधीकधी उलटंच होतं, दाब अचानक भलताच वाढतो. कमी दारू म्हणजे कमी धोका हा हिशेब इथे चालत नाही.

पण सगळ्यात वाईट म्हणजे फुसका बार. आपण हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणासाठी वापरतो, पण बंदुकीत तो हसण्यावारी नेऊ नका. 'फट्' असा दबका आवाज येतो, खांद्याला काही जाणवत नाही, आणि तांब्याच्या आवरणाची गोळी नळीत मध्येच अडकून बसते. माणसाला वाटतं काडतूस खराब होतं. तो बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढतो, दुसरं भरतो आणि चाप ओढतो. दुसऱ्या गोळीला वाट नसते. नळी फुगते, नाहीतर फाटते, आणि ती फाटते तेव्हा डावा हात तिच्याच खाली असतो. कारखान्याच्या काडतुसातही असा आवाज आला तर तिथेच थांबा, नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

शिवाय परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

तुमची गरज मात्र खरी आहे, आणि सैन्यांनाही ती दीडशे वर्षांपासून पडत आली आहे. इंग्रजांकडे मार्टिनी-हेन्री रायफल होती. धक्का जबर, गोळी लांब जाणारी, आणि प्रत्येक छावणीजवळ कुठली आलीय लांबलचक चांदमारी, म्हणजे नेमबाजीचं मैदान? १८८० च्या दशकात रिचर्ड मॉरिस यांची नळी आली. मोठ्या नळीच्या आत बसणारी बारीक नळी, तिला छोटंसं काडतूस. रायफल तीच, वजन तेच, चाप तोच, फक्त बार लहान. पुढे अमेरिकेत स्प्रिंगफील्ड रायफलीला .२२ ची नळी बसवली आणि मोठ्या काडतुसाच्या आकाराच्या पोलादी खोळीत .२२ चं पिटुकलं काडतूस घालून ते भरायला लागले. जर्मनांनी पुढे ७.६२ साठी प्लास्टिकच्या हलक्या गोळीचं निळं काडतूस काढलं. तेही कारखान्यात तयार झालेलं, मोजून-मापून. आपल्या एनसीसीत .३०३ सारखीच दिसणारी .२२ ची रायफल होती, तीही याच घराण्यातली.

आकडे पाहा. .३०३ ची गोळी साधारण ११ ग्रॅमची, नळीतून निघताना ऊर्जा ३००० ज्यूलच्या वर. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. वीस पटींहून जास्त फरक. (तरी .२२ ला खेळणं समजू नका, गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.) ऑलिम्पिकमध्ये ३०० मीटरची मोठ्या बोअरची स्पर्धा १९७२ नंतर नाहीच. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते ५० मीटरवर, .२२ ने.

म्हणून जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनचे सभासद व्हा आणि तिथली .२२ वापरा. ते जमत नसेल तर .१७७ ची एअर रायफल घ्या. २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. मागे मातीचा भक्कम ढिगारा हवा, पत्र्याची भिंत नको.

आता खांद्याबद्दल. खांदा दुखतो हे खरं, पण नेम चुकतो तो खांद्यामुळे नाही, खांद्याच्या भीतीमुळे. एक पोरगं होतं, परभणीकडचं, अंगाने पैलवान. गोळ्या सारख्या खाली जायच्या. मी रायफल त्याच्या हातून घेतली, पाठ करून भरली, परत दिली. त्याने श्वास रोखला, डोळा बारीक केला, चाप ओढला. नुसतं 'टक्'. मी भरलंच नव्हतं. पण नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं आणि त्याचे डोळे गच्च मिटलेले. मागची पोरं हसली, तोही हसला. तेही .२२ वर, जिला धक्का म्हणावा असा धक्काच नसतो. त्यानंतर मी दहात तीन-चार वेळा रिकामी द्यायचो, कधी ते त्याला कळायचं नाही. आठवडाभरात नळी जागेवर राहायला लागली.

हे घरी तुमच्या .३१५ वर करता येतं. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, दोनदा तपासायचं, बोट घालून. आत डमी, म्हणजे दारू आणि कॅप नसलेलं खोटं काडतूस, नळी जाड भिंतीकडे. नळीच्या टोकाशी एक रुपयाचं नाणं ठेवायला कुणाला तरी सांगा, ते मागे सरकले की चाप ओढा. नाणं पडलं नाही पाहिजे. रोज वीस वेळा. फक्त .२२ वर असं रिकामं मारू नका, तिची पिन चेंबरच्या काठावर आदळते आणि काठ खराब होतो.

खरं काडतूस मारताना दस्ता हाडावर नको, खांद्याच्या खळग्यात गच्च ओढून धरा. सैल धरला की धक्का बुक्कीसारखा लागतो, घट्ट धरला की ढकलल्यासारखा. पहिल्या दिवशी पाचच मारा, चांदमारीवर, जाणता माणूस शेजारी असताना. आणि आजोबांची रायफल किती वर्षं पडून होती ते लिहिलं नाहीत. त्या पाचांआधी ती परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या, माळ्यावर पडून राहिलेल्या नळीत आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.