शेठ केबिनमध्ये सिगरेट ओढतात, मला पाचवा महिना आहे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात हिशेब सांभाळणारी बाई. पहिलटकरीण. तिचे प्रश्न दोनच: "मी ओढत नाही, शेठ त्यांच्या केबिनमध्ये ओढतात. एवढ्याने बाळाला काही होतं का? आणि बोलले तर नोकरी राहील का?"

होऊ शकतं, होईलच असं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, बाळापर्यंत तो कमी पोचतो. वजन कमी भरण्याचा, मुदतीआधी प्रसूतीचा धोका वाढतो. आईचं म्हणाल तर, दुसऱ्याच्या धुरात सतत राहणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के जास्त असतो.

तिला बसण्याची जागा कागदावर काढायला लावली. केबिनची काच छतापर्यंत गेलेलीच नाही, वर फूटभर मोकळं. दोन्हीकडे मिळून एकच स्प्लिट एसी. हा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच तीच फिरवतो. जाळी धूळ अडवते, वायू नाही. त्यामुळे केबिनचं दार लावलं काय, टेबल सरकवलं काय, सारखंच. वर वास मारायला अगरबत्ती! म्हणजे धुरात आणखी धूर.

कायदा तिच्या बाजूने आहे. २ ऑक्टोबर २००८पासून लागू झालेल्या नियमांनुसार कामाच्या जागी आत ओढता येत नाही. स्मोकिंग रूमची मुभा विमानतळ आणि किमान ३० खोल्यांची हॉटेलं, किमान ३० आसनांची रेस्टॉरंट यांनाच, खासगी केबिनला नाही. दारावर ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव त्यावर हवं. पण दंड २०० रुपयांपर्यंत. त्याला कुठला शेठ घाबरतो?

म्हणून सुरुवात डॉक्टरांपासून. धुराबद्दल त्यांना सांगून फाइलवर नोंद करून घ्यायची आणि 'धुराच्या जागी बसू नये' अशी दोन ओळींची चिठ्ठी मागायची. मग दुपारच्या चहानंतर, चारचौघांत नाही, एवढंच म्हणायचं: "शेठ, डॉक्टरांनी असं लिहून दिलंय. सिगरेट आत नको, एवढंच बघा." सिगरेट सोडा असं सांगायला जाऊ नये; तिथेच बोलणं फिसकटतं. 'बाळंतपणापर्यंत' हे शब्दही टाळायला सांगितले. नाहीतर रजेवरून परतल्यावर पुन्हा पहिले पाढे.

शेठ तयार झाले आणि जिन्यात ओढू लागले. जिन्यातली गरम हवा वर चढते, धूर थेट तिच्या दाराशी. मग जागा ठरली खालच्या गेटबाहेर, खिडक्यांपासून लांब. केबिनमधला ॲश-ट्रे निघाला (तो ठेवायलाही मनाई आहे), पडदे धुतले गेले.

पावसात मात्र शेठ अजून खिडकीशी उभे राहतात. त्या तारखा आणि वेळा ती वहीत टिपते आहे. लेखी अर्ज द्यायची वेळ आली तर त्या सोबत जोडायच्या आणि अर्जाची सही-तारखेची पोच स्वतःकडे ठेवायची, असं ठरलं आहे.