व्हेटर्नरीला जायचंय, मग कॉलेज कसं निवडशील?

तुझा मेसेज वाचला गं. नीटचा स्कोर आलाय, बीव्हीएस्सीच, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्रीच करायची हे पक्कं आहे, आणि घरचे सगळे म्हणतायत की मुंबई लागत असेल तर डोळे झाकून मुंबई टाक. एमबीबीएस हुकलं म्हणून नाही तर आवडीने तू इकडे येतेयस याचा मला खरंच आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर ही सगळी माफसूचीच, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचीच कॉलेजं. सिलॅबस व्हेटर्नरी कौन्सिल ऑफ इंडियाचा, डिग्री सेम, साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षाची इंटर्नशिप सगळीकडे. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हायचं तरी कुठलंही चालतं. मग फरक कशात, तर ओपीडीला रोज कोणती जनावरं येतात आणि त्यातली किती तुझ्या हाताखालून जातात यात. निवड यावरच कर.

मुंबईचं म्हणजे परळचं कॉलेज 1886 चं, नाव मोठंच आहे, त्याच आवारात प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल, कुत्र्या-मांजरांचं काम करायचं असेल तर मी पण तेच म्हणेन. पण तू लिहिलंयस की गावाकडे गाई-म्हशींचं काम करायचंय, मग शिरवळ आधी बघ ना, फलटण-बारामतीचा दूधपट्टा तिथून लांब नाही, एचएफ क्रॉस म्हणजे संकरित होल्स्टीन गाई, कासदाह म्हणजे कासेची सूज, विल्यावर वार अडकलेली, विताना अडलेली गाय, हेच तुझं रोजचं काम असणार आहे. उदगीरच्या आसपास देवणी आणि लाल कंधारीचा मूळ भाग आहे, देशी गाईंची ओढ असेल तर उदगीरला मागास म्हणून कमी लेखू नकोस. वाइल्डलाइफ म्हणशील तर नागपूर, गोरेवाड्याला माफसूचं वन्यजीव केंद्र आहे.

गाभण तपासताना बोटांना आत काय लागतंय ते पुस्तकातून येत नाही, दोन-चार गाईंनी पण येत नाही, त्याला रोज हात घालायला मिळावा लागतो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एखाद्या सकाळी ओपीडीच्या वेळेला कॉलेजात जाऊन उभी राहा, प्राध्यापकांना नाही, इंटर्न्सना विचार. एआय म्हणजे कृत्रिम रेतन स्वतःच्या हाताने केलं का, गावात व्हिजिटला गाडी जाते का, कुठल्या डिपार्टमेंटला शिक्षकच नाहीत, मुलींचं हॉस्टेल कसंय. ते खरं सांगतात.

आणि मुलीला मोठी जनावरं झेपत नाहीत असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. जनावर अडकवून उभं करायचा खोडा नीट असला आणि जनावर आवरायची पद्धत माहीत असली की ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही, माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली गोठ्यात उत्तम काम करतायत.

बाहेरच्या राज्यातल्या प्रायव्हेट कॉलेजचे एजंट आता फोन करतील. पैसे भरायच्या आधी कौन्सिलची मान्यता स्वतः तपास, नुसती ॲडमिशन घ्यायची परवानगी आणि डिग्रीला पूर्ण मान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत, डिग्री मान्य नसेल तर रजिस्ट्रेशन नाही आणि रजिस्ट्रेशनशिवाय प्रॅक्टिस नाही. 15 टक्के ऑल इंडिया कोट्याचा फॉर्म कौन्सिलकडे वेगळा भरायचा असतो, तो विसरू नकोस, माफसूच्या फॉर्ममध्ये तो येत नाही.

प्रेफरन्सची यादी कच्ची करून मला पाठव, बाबांना मुंबईचं समजवायचं असेल तर मी बोलतो त्यांच्याशी.