रोजच्या गाडीला कोणता लॉकर?

डिफरन्शियल लॉकरविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, आणि लॉकर ती अडकवून दोन्ही चाके एकत्र फिरवतो. लॉकर चालू असताना गाडी काय करते याची चर्चा सगळीकडे होते. रोज वापरायच्या गाडीच्या बाबतीत मात्र तो बंद असताना गाडी कशी वागते, याला मी अधिक महत्त्व देतो, आणि खालची उत्तरे त्याच दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : गाडी आठवड्याचे पाच दिवस कामावर ने-आण करते आणि महिन्यातून एकदा खडकाळ वाटांवर जाते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) आखूड, गिअर मॅन्युअल, फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम (गरजेपुरते जोडायचे). मागच्या ॲक्सलला ऑटोमॅटिक लॉकर बसवावा असे मित्र सुचवतात, कारण त्याला ना वायर लागते ना पाइप. यात धोका काय?

मित्रांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धेच आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डाव्या-उजव्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण वर्तुळात हा फरक सुमारे 9.4 मीटर भरतो आणि काटकोनी वळणावर सुमारे 2.4 मीटर. गंमत म्हणजे वळण लहान असो वा मोठे, हा आकडा बदलत नाही. साधे डिफरन्शियल हा फरक निमूटपणे सामावून घेते. ऑटोमॅटिक लॉकर मुळात जोडलेलाच असतो. वळणावर रस्ताच बाहेरच्या चाकाला पुढे ढकलतो, तेव्हा लॉकरचे त्या बाजूचे दाते सुटतात, ते चाक मोकळे फिरते आणि सगळी ओढ आतल्या चाकावर येते. दाते सुटताना होणारी टकटक आवाजापुरतीच असते आणि तिची सवय होते.

अडचण वेगळीच आहे. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ओढीची बाजू बदलते, मागून ठक्क असा धक्का येतो आणि गाडी किंचित बाजूला सरकते. मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच दाबला-सोडला की हेच घडते, आणि व्हीलबेस आखूड असल्याने ते स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवते. ओल्या रस्त्यावर वळताना जोर दिला आणि दाते सुटलेच नाहीत, तर मागची दोन्ही चाके एकदम पकड सोडतात. साध्या डिफरन्शियलमध्ये आतले एकच चाक घसरले असते आणि दुसऱ्याने गाडीचा मागचा भाग धरून ठेवला असता. गाडी लांब आणि जड असेल, चालवणारा एकच असेल आणि रस्ते बहुधा कोरडे असतील, तर ऑटोमॅटिक लॉकर मी सुचवतोही. तुमच्या गाडीसाठी, विशेषतः ती घरातले इतर कोणी चालवत असल्यास, बटणावर जोडता-सोडता येणारा लॉकरच घ्यावा. डिफरन्शियलच्या मूळ केसमध्येच (कवचात) बसणारा लहान ऑटोमॅटिक लॉकर क्राउन-पिनियन (इंजिनची ओढ ॲक्सलला देणारे मुख्य गिअर) न हलवता बसतो, हा त्याचा खरा फायदा. पण त्याची मजबुती त्या मूळ केसइतकीच राहते.

प्रश्न : मग बटणावरचा लॉकर हवेचा घ्यावा की विजेचा?

दोन्ही बंद असताना साध्या डिफरन्शियलसारखेच वागतात, त्यामुळे रोजच्या वापरात कोणताही चालेल. हवेच्या लॉकरमध्ये कॉम्प्रेसरची हवा एका सरकत्या कडीला ढकलून दाते अडकवते. जोड घट्ट असतो आणि तोच कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरायलाही कामी येतो. मात्र कॉम्प्रेसर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप), बारीक नळी, ओ-रिंग (गोल रबरी सील) अशी साखळी वाढते आणि त्यातली प्रत्येक कडी कधी ना कधी लक्ष मागते. विजेच्या लॉकरला एक वायर आणि एक रिले (विजेवर चालणारा स्विच) पुरतो. त्यातल्या काही रचनांमध्ये गाडी पुढून मागे किंवा मागून पुढे घेतली की लॉक क्षणभर सुटून पुन्हा बसतो. चिखलात रुतलेली गाडी मागे-पुढे झुलवून काढायची असते, नेमका तेव्हाच हा क्षण नडतो. कॉम्प्रेसर बसवायचाच असेल तर हवेचा घ्यावा. नसेल तर विजेचा, पण दिशा बदलताना तो काय करतो हे आधी विचारून.

कोणताही घेतला तरी अडथळ्याआधी, चाके संथ असताना तो जोडावा. एक चाक भरधाव फिरत असताना बटण दाबले तर त्या वेगाचा सगळा आघात दात्यांवर येतो. बाहेर पडल्यावर बटण बंद करूनही लॉक सुटला नाही, तर घाबरू नये. ॲक्सलमध्ये ताण अडकलेला असतो. थोडे सरळ जाऊन स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवले की तो मोकळा होतो.

प्रश्न : एकच लॉकर परवडतो. पुढे बसवावा की मागे?

मागे. चढावर वजन मागच्या चाकांवर सरकते आणि लॉकरचा उपयोग जिथे भार आहे तिथेच होतो. शिवाय पुढचा लॉकर जोडला की स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. लॉक केल्यावर मात्र एका चाकाला पकड नसेल तर ॲक्सलचा सगळा टॉर्क दुसऱ्याच्या शाफ्टवर येऊ शकतो. त्यातच चाके पूर्ण वळवलेली असली तर सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकापर्यंत शाफ्टची ओढ पोहोचवणारा सांधा) सर्वांत कमकुवत स्थितीत असतो. पुढचे जॉइंट मी असेच तुटलेले पाहिले आहेत: चाके पूर्ण वळलेली, एक चाक खडकाच्या खाचेत आणि पाय ॲक्सिलरेटरवर. मोठे टायर बसवले असतील तर हा ताण आणखी वाढतो.

प्रश्न : माझ्या गाडीत ब्रेकवर चालणारे ट्रॅक्शन कंट्रोल (घसरत्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) आहे आणि मागे गिअरचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवण्याचा विचार आहे. लॉकर तरीही लागेल का?

बहुतेक वाटांवर लागणार नाही. गिअरचे लिमिटेड स्लिप कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कच्या ठरावीक पट टॉर्क दुसऱ्याला देते. हे प्रमाण तीनास एक धरले, तर घसरते चाक 300 न्यूटन-मीटर पेलत असताना दुसऱ्याला 900 पर्यंत मिळू शकतात. चाक अधांतरी झाले की पेलण्याजोगे काहीच उरत नाही आणि शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोलने, किंवा हँडब्रेक मागच्या चाकांवर असल्यास तुम्ही तो हलका ओढून, त्या अधांतरी चाकाला थोडा विरोध दिला, तर बरेचदा काम होते. म्हणजे तुमच्या गाडीत ही दोन साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. ओल्या डांबरावरही ही जोडी मला सर्वांत सभ्य वाटते.

मर्यादा एकच आहे: ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरल्यानंतर जागे होते. मोठ्या दगडांच्या उभ्या चढावर त्या घसरण्यातच गाडी उसळते आणि टायर फाटतो. अशा वाटा नेहमीच्या असतील तरच लॉकर घ्या. तोवर ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक लावू लागले की पाय काढू नका, ॲक्सिलरेटर स्थिर धरा. अनेक जण नेमके तिथेच माघार घेतात. आणि पुढे कधी बाजारातला लॉकर बसवलाच, तर तो जोडलेला आहे हे गाडीच्या संगणकाला बहुधा कळत नाही. स्थिरता राखण्यासाठी तो एका चाकाला ब्रेक लावू जातो आणि लॉक ॲक्सलमुळे तो ब्रेक दुसऱ्या चाकालाही पोहोचतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर येताच लॉक सोडावा.

प्रश्न : हवेचा लॉकर बसवून काही महिने झाले. हल्ली तो जोडलेला असताना कॉम्प्रेसर दर मिनिटाला सुरू होतो. फिटिंग चुकले का?

हवा कुठेतरी गळते आहे. आधी बाहेरचे तपासा: कॉम्प्रेसर चालू ठेवून नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा आणि बुडबुडे पाहा. ते कोरडे निघाले, तर लॉक सोडताना सोलेनॉइडच्या निकासापाशी पांढरा कागद धरा. त्यावर गिअर ऑइलचे तुषार उमटले, तर तेल हवेच्या मार्गात शिरले आहे, म्हणजे आतली ओ-रिंग किंवा सील गेले आहे आणि डिफरन्शियल उघडावे लागेल. त्याआधी ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) बंद पडला आहे का तेही पाहा. तो तुंबला की आतला दाब तेलाला वाट काढायला लावतो.

उघडायची वेळ आलीच तर मेकॅनिकच्या हातात डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे मापक) आहे का हे पाहा. केस काढण्यापूर्वी क्राउन-पिनियनमधला बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) मोजून लिहून ठेवायला सांगा. तो सहसा मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका असतो आणि बोटाने हलवून ओळखता येत नाही. पुन्हा बसवल्यावर तो क्राउन व्हीलच्या तीन-चार जागी मोजावा आणि दात्यांना रंग लावून त्यांचा ठसा पाहावा. ठसा दात्याच्या टोकाला किंवा मुळाशी सरकलेला दिसला तर शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलल्याशिवाय झाकण लावू देऊ नका. तसेच लावले, तर थोड्याच दिवसांत तुम्हाला साठ-सत्तरच्या वेगाला मागून येणारी घरघर ऐकू येईल, आणि तोवर दाते खराब होऊ लागलेले असतील.