कॅनडाला निघायच्या आधी ते जुनं चालान मिटव

भाऊ, तू लिहिलंस की २०१७ मध्ये हिंगणघाटच्या अलीकडे, हैदराबाद रोडवर गाडी स्पीडगनमध्ये सापडली, कागदी चालान मिळालं, पैसे भरलेच नाहीत, अन् आता कॅनडाचे कागद जमवताना ते आठवलं. माझंही हेच झालं होतं. मी तो कागद ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये कोंबला अन् कापूस वेचणीत विसरून गेलो. पुढं एक दिवस पोलीस पाटील दारात उभे. "तुझ्या नावाचं वारंट आहे बाप्पा!" मी खून करून आलोय अशी आई माझ्याकडं पाहत होती.

आधी प्रकरण आहे कुठं ते पाहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा अन् तालुक्याचं कोर्ट निवडून नावानं शोध. स्पेलिंग चार तऱ्हेनं टाक. माझ्या आडनावातलं एक अक्षर लिहिणाऱ्यानं गाळलंच होतं. सापडलं तर सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टिपून घे. नाहीच सापडलं तर कोर्टातल्या बाबूला जाऊन विचार, ॲपवर विसंबू नको.

वारंट निघालं असेल तर वकील करच. आधी वारंट रद्द करायचा अर्ज, मग गुन्हा कबूल. माझी पेशी सकाळी ११ ला होती, पुकारा झाला दुपारी ४ ला. आत जेमतेम दोन मिनिटं गेली. दंड ऐकून घाबरू नको. आता कारला वेगासाठी १,००० ते २,००० रुपयांचा दंड आहे, पण तो मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा. गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या कलम २० मध्येच आहे. अन् २०१७ मध्ये पहिल्या वेळेला कमाल दंड ४०० रुपये होता. वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट जाईल, ते सोड.

खरी अडचण पैशाची नाही. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडू शकतो, अन् पोलीस क्लिअरन्सच्या, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या पोलिसांच्या दाखल्याच्या, चौकशीतही तेच वर येतं. निकाल लागला की ती भानगड संपते.

कॅनडाच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारतात तिथं मी 'हो' लिहिलं, खाली चार ओळींत हकीकत दिली अन् निकालाची नक्कल जोडली. तिकडं नुसता वेग ही प्रांताच्या वाहतूक कायद्यातली गोष्ट, फौजदारी संहितेतली नाही. पण माहिती लपवली असं ठरलं तर पाच वर्षं दार बंद. ४०० रुपयांपायी कोण घेईल हा धोका?

म्हणून दंडाच्या पावतीवर समाधान मानू नको. त्याच दिवशी कोर्ट फीचं तिकीट लावून निकालाच्या दोन प्रमाणित नकला माग. निकाल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, तेही इथूनच करून ने. अन् नक्कल स्वतःच्या बॅगेत ठेव. माझी बाबांच्या पेटीत राहिली, मग ती कुरियर करायला भर उन्हात भावाला यष्टीनं यवतमाळ गाठावं लागलं. अजून ऐकवतो तो.