लघवी साफ होत असताना किडनी खराब कशी असेल?

वडिलांना लघवी साफ होते, कुठे दुखत नाही, मग क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) ४.२ इतकं वाढलेलं कसं, रिपोर्ट चुकला असेल का, असं तुम्ही विचारलंय. खात्रीसाठी रिपोर्ट पुन्हा करा, पण लघवी होते म्हणजे किडनी ठीक, असं धरून चालू नका. मी डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. पहिल्यांदा येणारे कितीतरी पेशंट हेच सांगतात.

एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो, तिथे रक्त गाळलं जातं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि पुढच्या नळ्या त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. उरतं दीड-दोन लिटर, तीच लघवी. आता हिशेब बघा: गाळणं १८० वरून २० लिटरवर घसरलं, तरी दीड लिटर लघवी होऊ शकते! रक्तातलं युरिया-क्रिएटिनिन मात्र चढत जातं.

बहुतेक वेळा हे गुच्छ खराब होतात ते शुगर आणि बीपीमुळे. मेलेला नेफ्रॉन परत उगवत नाही. उरलेले त्याचा भार उचलतात आणि तेही झिजतात. म्हणून निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन जायला लागतं. शुगरवाल्यांनी ही लघवीची तपासणी दरवर्षी करायलाच हवी; ती करायची राहून जाते याचं मला फार वाईट वाटतं.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वडील घेतात का? त्या गोळ्यांनी किडनीत रक्त नेणारी वाहिनी आवळते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर त्या फारच घातक. काढ्यांचं, भस्मांचंही डॉक्टरांना सांगा.

याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. जुने रिपोर्ट सोबत न्या, पोटॅशियम आणि सोनोग्राफी लगेच करून घ्या. प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवीचा मार्ग तुंबला असेल तर तो मोकळा केल्यावर क्रिएटिनिन बरंच उतरू शकतं. किडन्या आकसलेल्या दिसल्या, तर आजार जुना समजायचा. दम लागला, लघवी घटली किंवा गुंगी आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि एक, वडील उजवे असतील तर डाव्या हाताच्या शिरेत सुई, सलाईन शक्यतो लावू देऊ नका. पुढेमागे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आली तर त्याच शिरा लागतात.