तीन डबे एकात आणताना

घरी सर्व्हर म्हणून चालणारे तीन जुने डेस्कटॉप एकाच मशीनवर आणायचे म्हणतोस. ते चोवीस तास, प्रत्येकी ४० वॉट धरले तरी महिन्याला ८६ युनिट होतात. तेव्हा एकत्र करायचा तुझा विचार योग्यच आहे. त्या मशीनवर प्रॉक्समॉक्स टाक, म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी सिस्टीम. आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, त्यासाठी लागणारी व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का बघ.

पैसे प्रोसेसरवर उधळू नकोस, रॅमवर घाल. घरच्या सर्व्हरचा प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. रॅम मात्र आधी संपते. घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणाऱ्या होम असिस्टंटची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिला पूर्ण व्हीएम दे. बाकी लिनक्सची किरकोळ कामं एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे पूर्ण व्हीएमऐवजी वेगळ्या कप्प्यांत, भागतात. ते होस्टचाच (मूळ मशीनचाच) कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, वापरतात, म्हणून हलके.

पाय-होल, म्हणजे जाहिराती अडवणारा आणि घरभर साइटचे पत्ते शोधून देणारा प्रोग्राम, मात्र जुन्या रास्पबेरी पायवरच (त्या छोट्या संगणकावर) राहू दे. मी माझ्याकडे तोही प्रॉक्समॉक्सच्या मशीनमध्ये ढकलला होता. होस्ट अपडेट करून रीस्टार्ट केला, आणि ऐन मॅचच्या वेळी घरभर इंटरनेट बंद! वडील अजून ऐकवतात.

बॅकअप त्याच डिस्कवर ठेवलास तर ठेवला नाहीस असं समज. वेगळी डिस्क घे आणि एखादा व्हीएम त्यातून परत उभा करून बघ. जुने डबे महिनाभर तरी भंगारात देऊ नकोस.