पाकिस्तानने जेएफ-१७ हे लढाऊ विमान झटपट आणलं, मग तेजसला चाळीस वर्षं का लागली? सरळ राफेलच का घेऊ नयेत?

"चाळीस वर्षं" वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तुमचा हाच प्रश्न मी माझ्या भाऊजींच्या तोंडून गेली पंधरा वर्षं ऐकतेय. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हवाई दलात वीस वर्षं मिग-२१ वर फिटर होते. त्यांचं म्हणणं एका वाक्यातलं: "अगं, आपल्याला जमत नाही ना, मग जगातलं उत्तम आहे ते विकत घ्या आणि मोकळे व्हा." मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. विमानांना लागणारे ॲल्युमिनियमचे भाग आम्ही मिलिंग करून देतो. आमचा वाद कुठून सुरू होतो ते यावरून कळेल.

आधी तुमच्या आकड्याचं. तेजसच्या प्रकल्पाला मंजुरी १९८३ ची. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, स्क्वाड्रनमध्ये प्रवेश २०१६ ला. म्हणजे उशीर झालाच, मी नाही म्हणत नाही. पण मधल्या काळात १९९८ ला पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि उड्डाण नियंत्रणाच्या संगणकप्रणालीवर तिथे काम करणाऱ्या आपल्या लोकांना परत यावं लागलं. ते काम इथे नव्याने उभं केलं. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यावर वेळ घालवत नाही. मला जे सांगायचंय ते माझ्या टेबलावर घडलेलं आहे.

२००८ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे एका परदेशी विमानाच्या भागाचं काम होतं. विमान इथे परवान्यावर बांधलं जायचं, डिझाइन त्यांचं. एका लॉटमध्ये खिशाच्या तळाचा रेडियस कमी भरला. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ठोकळ्यातून खोलगट खिसा कोरतात तेव्हा भिंत आणि तळ जिथे भेटतात तो कोपरा काटकोनी ठेवत नाहीत, गोल ठेवतात. तो गोलवा कमी झाला की ताण नेमका तिथेच गोळा होतो आणि हजार उड्डाणांनंतर तिथूनच तडा जातो. ड्रॉइंगवर ३ मिलिमीटर होता, आमच्याकडे २ आला. रात्रपाळीला टूल बदललं, त्यात दुसऱ्या गोलाईचा कटर लागला. चूक आमचीच. रेडियस गेज, म्हणजे गोलाई तपासायची पट्टी, कोपऱ्यात बसवून मागून टॉर्च धरली तर मधोमध केसाएवढी उजेडाची फट दिसायची. आणि कमी झालेला रेडियस वाढवता येत नाही, कारण तिथलं मटेरियल आधीच निघून गेलेलं असतं.

अशा वेळी डेव्हिएशनचा अर्ज करतात. म्हणजे, ड्रॉइंगपेक्षा इतका फरक आहे, हा भाग वापरता येईल का, असं विचारायचं. आम्ही विचारलं. आमच्या वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. त्यांनी परदेशात पत्र पाठवलं. मधल्या एकालाही, आणि त्यात तीस तीस वर्षं विमानं बांधलेले लोक होते, "चालेल" किंवा "नाही चालणार" म्हणता येईना. त्यांच्याकडे माप होतं, मापामागचं गणित नव्हतं. ते जॉब, म्हणजे आम्ही बनवलेले भाग, लाल पट्टी लावून पाच महिने रॅकवर पडून होते. पाच महिन्यांनी उत्तर आलं: रिजेक्ट. का, याचा एक शब्द नाही. सगळा लॉट भंगारात गेला. त्यातले काही वाचले असते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही, आणि तेच मला सलतं.

आता दुसरी वेळ, २०२२ ची. काम तेजसच्या ब्रॅकेटचं. दोन प्रकारचे मिळून २४ नग. आणि काय सांगू, पुन्हा तीच चूक, तोच रेडियस. मी गेज लावला, उजेड दिसला आणि पोटात गोळा आला. अर्ज केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूहून डिझाइनवाल्या मुलाचा फोन. आवाजावरून तिशीचा असेल. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, कोणत्या खिशात? बोल्टच्या बाजूच्या की पलीकडच्या?" मी जॉब हातात घेऊन एकेक कोपरा सांगत गेले, तो पलीकडे मॉडेल उघडून बघत होता. तिसऱ्या दिवशी लेखी उत्तर आलं. ११ नगांवर फक्त वायरिंगचा भार येतो, त्यांना २ मिलिमीटर चालेल, घ्या. उरलेल्या १३ नगांच्या बोल्टपाशी प्रत्येक लँडिंगचा हिसका येतो, तिथे चालणार नाही. सोबत हाताने काढलेली आकृती होती, ताण कुठून कुठे जातो त्याची. पुढच्या आवृत्तीच्या ड्रॉइंगवर त्या कोपऱ्याजवळ वेगळी खूण आली, चुकीचा कटर लागला तर ऑपरेटरच्या नजरेत यावं म्हणून.

एकीकडे पाच महिने आणि एक शब्द. दुसरीकडे तीन दिवस आणि कारण. माझ्या मते स्वतःचं विमान म्हणतात ते याला. शेपटीवरच्या तिरंग्याने ते स्वतःचं होत नाही. कोपरा कमी भरला तर सही कोण करणार, तो माणूस आपल्या देशात बसलेला आहे का, एवढंच बघायचं.

नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून परवान्यावर मिग-२१ बांधली, पुढे मिग-२७, मग सुखोई-३०. हातांनी काम शिकलेली दोन पिढ्यांची माणसं या जिल्ह्यात तयार झाली. मला गेज धरायला शिकवलं तेही त्यांच्यातल्याच एकाने, आणि त्यांच्या हाताला मी कधीच कमी लेखणार नाही. पण परवान्यात "कसं" मिळतं, "का" मिळत नाही. "का" शिकायची संधी आपल्याला आली होती. जर्मन अभियंता कुर्ट टँक बेंगळुरूला आला आणि त्याच्या हाताखाली एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान तयार झालं. ते जून १९६१ मध्ये उडालं. हवं तेवढं ताकदवान इंजिन त्याला कधीच मिळालं नाही. दीडशेच्या आत विमानं बांधून आपण तो धागा सोडून दिला. पूर्ण नव्याने आखलेलं पुढचं भारतीय लढाऊ विमान उडालं ते थेट २००१ ला. मारुतवर शिकलेला पंचविशीतला पोरगा तोवर निवृत्त झालेला. तुम्ही विचारता ती चाळीस वर्षं खरं तर ही आहेत. त्या काळात आपण विकत घेत होतो. भाऊजी सांगतात तेच करत होतो.

आता पाकिस्तान. जेएफ-१७ साठी चीनशी करार १९९९ चा, उड्डाण २००३ ला, पहिली विमानं २००७ ला हातात. वेग मानलाच पाहिजे. पण डिझाइन चेंगडू या चिनी विमान कंपनीचं, इंजिन रशियन आरडी-९३. पाकिस्तानातल्या कामरा इथल्या कारखान्यात ढाच्याचा बराचसा भाग बनतो, म्हणजे तेही "कसं" शिकतायत, आणि कोपऱ्याची सही बहुधा चेंगडूलाच होत असावी. शिवाय त्यांना ही घाई कुठून आली तेही बघा. १९८० च्या दशकात त्यांनी एफ-१६ घेतली, आणखी मागवली, पैसे भरले. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेने त्यांच्या अणुकार्यक्रमावरून प्रेसलर दुरुस्ती हे मदत थांबवणारं कलम लावलं आणि बांधून तयार झालेली २८ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. पाकिस्तानला ती तेव्हा मिळाली नाहीत; त्यातली काही मिळाली तीही पंधरा वर्षांनंतर. विकत घेतलेलं विमान म्हणजे काय, हे दक्षिण आशियात त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसेल.

एका बाबतीत मात्र ते शहाणे ठरले आणि आपण नाही. त्यांच्या हवाई दलाने साधं, अर्धंमुर्धं जेएफ-१७ आधी घेतलं, उडवलं, मग ब्लॉक-२, ब्लॉक-३ असं सुधारत नेलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं ऑर्डर होती २० अधिक २०, एकूण ४० विमानांची. ४० विमानांच्या भरवशावर कुठला छोटा कारखानदार कर्ज काढून पाच अक्षांचं मशीन घेईल? आमच्या मालकांनी नाही घेतलं. फेब्रुवारी २०२१ ला ८३ मार्क-१ए चा, म्हणजे तेजसच्या सुधारित आवृत्तीचा, करार झाला, त्यानंतर मशीन आलं आणि चार मुलं कामाला लागली. सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ ची ऑर्डर झाली. हीच संख्या दहा वर्षं आधी कागदावर आली असती तर आज आपण वेगळं बोलत असतो.

"सरळ राफेल घ्या" म्हणणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. सरळ म्हणजे किती वर्षं? १२६ विमानांची निविदा २००७ ला निघाली. सहा विमानांच्या चाचण्या झाल्या आणि जानेवारी २०१२ ला राफेल निवडलं गेलं. १८ तयार यायची होती, १०८ इथे बांधायची होती. घोडं अडलं त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता, की इथे बांधलेल्या १०८ विमानांची हमी कोण घेणार. पुन्हा सही! शेवटी २०१६ ला ३६ तयार विमानांचा करार झाला आणि पहिली पाच अंबाल्याच्या हवाई तळावर उतरली जुलै २०२० मध्ये. निविदेपासून तेरा वर्षं. विकत घेणं म्हणजे दुकानात जाऊन पिशवी भरून आणणं नव्हे.

इतकं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मी ब्रॅकेट तपासते. रडार आणि क्षेपणास्त्रं माझा विषय नाही. राफेल उत्तम विमान आहे आणि ती ३६ लागणारच होती. हवाई दलाला मंजूर ४२ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, असताना मिग-२१ गेल्यावर २९ उरल्या, हे खड्डे तेजसच्या आजच्या वेगाने भरत नाहीत. मार्च २०२४ ला पहिलं मार्क-१ए द्यायचं होतं, ते हुकलं. त्यासाठी २०२१ ला मागवलेल्या अमेरिकन एफ-४०४ इंजिनांतलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. तेजससाठी आपण इथे आखलेलं कावेरी इंजिन हवा तेवढा जोर देऊ शकलं नाही, आणि जोवर ते किंवा त्याच्या जागी दुसरं इथे बनत नाही तोवर सर्वांत महत्त्वाची सही आपल्याकडे नाही. भाऊजी यावर बोट ठेवतात तेव्हा मी गप्प बसते.

आणखी एका गोष्टीवर गप्प बसते. ते एकदा म्हणाले होते, "तुमचं तेजस येईपर्यंत पोरं मिगमध्येच बसत होती ना? मी पट्टे बांधून बसवलेल्यांतले दोघे परत आले नाहीत." २०१२ ला संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं, ८७२ मिगपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले. नोव्हेंबर २०२५ ला दुबईत तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले, तेव्हा दोन दिवस माझा हात गेजवर नीट चालेना. उशिराची किंमत कुणी मोजली हे मला कळतं, भाऊजी. फक्त तो उशीर बनवायला घेतल्यामुळे झाला असं मला वाटत नाही. बनवणं मधेच सोडून दिल्यामुळे झाला.

तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल तर वादात पडण्याआधी कुठल्या तरी एमआयडीसीत महिनाभर तपासणीच्या टेबलावर बसा. विमान कुणाचं आहे ते तिथे कळतं.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजसच्या नव्या लाइनचं उद्घाटन झालं आणि तिथे बांधलेलं पहिलं मार्क-१ए उडालं. जिथे भाऊजींची मिग बांधली गेली, तिथूनच. चार दिवसांनी दिवाळीला ते आमच्याकडे आले. फराळ झाल्यावर आपणहून म्हणाले, "तुझे ते तेरा ब्रॅकेट भंगारात दिलेस, की एखादा ठेवलायस?" मालकांना विचारून एक ठेवला होता, त्यावर आरपार भोक पाडून, लाल रंग मारून. तो आणून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिडकीकडे तोंड केलं आणि बोल्टच्या बाजूच्या खिशात अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. एकदा, मग उलट्या दिशेने पुन्हा एकदा.

"हा मीपण घेतला नसता," म्हणाले.